बिनपालीचा प्रिन्सिपल

माझं लग्न एका पालीपायी मोडायच्या बेतात आलं होतं. पाल भिंतीवरची नव्हे, इंग्रजीतली.

आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायला एक किडकिडीत मास्तर होते. मुलींना इंग्रजी शिकवणं म्हणजे भिंतीशी बोलणं, असं त्यांचं मत होतं, आणि ते खरोखरच आमच्याकडे पाठ करून फळ्याशी बोलत. एके दिवशी त्यांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले आणि दोन्ही वाचून दाखवले. "प्रिन्सिपल. आणि प्रिन्सिपल." आम्हाला वाटलं, सरांनी विसरून एकच शब्द दोनदा लिहिला.

"नीट बघा," ते म्हणाले. "पहिल्याच्या शेवटी काय आहे? पी, ए, एल. पाल! पाल डोळ्यांना दिसते. शाळेचा प्रिन्सिपलही दिसतो, खुर्चीवर बसतो, ओरडतो. म्हणून त्याच्या शेवटी पाल. दुसऱ्याच्या शेवटी पाल नाही. तो प्रिन्सिपल म्हणजे तत्त्व. ते माणसाच्या आत असतं, दिसत नाही." मग फळा पुसता पुसता म्हणाले, "असलं तर."

मॅट्रिकला मला इंग्रजीत जेमतेम मार्क पडले. व्याकरण तर परीक्षेच्या हॉलमधून बाहेर पडतानाच सांडलं. ही पाल मात्र डोक्यात जी चिकटली ती चिकटलीच.

बऱ्हाणपुरात आमचं घर लोधीपुऱ्यात आणि बाबांचं लुगड्यांचं दुकान शनवाऱ्याला. तेव्हा नवं राज्य नुकतंच जुळलं होतं. कालपर्यंत आमची राजधानी असलेलं नागपूर एकाएकी परक्या राज्यात गेलं आणि कधी न पाहिलेलं भोपाळ आमचं झालं. भोपाळ नेमकं कोणत्या दिशेला, हे बाबांना सांगता येत नसे. पण दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते आणि शेजारचा भांडीवाला मिळून ते राज्य चालवत. इंदूरकडचा संस्थानी मुलूख आता आमच्याच राज्यात आला होता, आणि जिथे आमच्या लोकांनी पूर्वी कधी मुलगी दिली नव्हती, तिथली स्थळं घरोघर येऊ लागली. सरकार जुळवाजुळव करतंय म्हटल्यावर आमच्या आत्या-मावश्यांना कोण थांबवणार!

माझ्यासाठी असं स्थळ आणलं ते आत्याच्या यजमानांनी. आम्ही त्यांना फुफाजी म्हणायचो. ते खंडव्याला रेल्वेत होते. त्यांचं मराठी सकाळी घरून निघताना मराठी असे आणि स्टेशनात पोचेपर्यंत हिंदी होई. आमच्याकडे ते रेल्वेने येत, त्यामुळे भाषाही तशीच मधल्या स्टेशनावर थांबलेली असायची.

"दादा, इंदूरकडचं ठिकाण आहे," ओसरीवर बसता बसताच त्यांनी सुरुवात केली. "पोरगा शिक्षण खात्यात आहे. घरचे लोक चांगले. और खास बात म्हणजे, पोरगा एकदम प्रिन्सिपलवाला आहे!"

बाबांच्या हातातला अडकित्ता थांबला. "प्रिन्सिपल?"

"वाला! पक्का प्रिन्सिपलवाला. इंदूरचे सगळे हेच सांगून राहिले."

आता यात बाबांची चूक म्हणावी, तर ती आमच्या सगळ्या गावाची चूक आहे. बऱ्हाणपुरात 'वाला' लागल्याशिवाय कुठल्याही माणसाचं काम भागत नाही. केळीवाला, टांगेवाला, चष्मेवाले काका, राजपुरेवाली मावशी. चष्मेवाल्या काकांकडे चष्मा असतो, टांगेवाल्याकडे टांगा असतो. त्यात पोरगा शिक्षण खात्यात. बाबांनी बेरीज केली आणि उत्तर आलं ते तोंडभर हसू घेऊनच.

त्या रात्री आईने गूळ घालून सांजा केला. सकाळी बाबा रोजच्यापेक्षा लवकर दुकानात गेले आणि लुगडं घ्यायला आलेल्या प्रत्येक बाईला भाव सांगण्याआधी जावई सांगितला. दुपारपर्यंत बातमी राजपुऱ्यात पोचली. तिसऱ्या प्रहरी एक बाई आपल्या नापास मुलाला घेऊन आमच्या दारात उभी. "तुमच्या जावयांना सांगून याला वरच्या वर्गात बसवता येईल का?" अजून जावयाने मला पाहिलंही नव्हतं. आईने त्या मुलाच्या हातावर सांजा ठेवला आणि "सांगून पाहू हो" म्हणाली. मी आईकडे बघतच राहिले.

शेजारच्या मुली मला "प्रिन्सिपलीणबाई" म्हणू लागल्या. मी नळावर गेले की एकजण घागर खाली ठेवून सावधान उभी राही. मला राग येई आणि आतून गुदगुल्याही होत, हे कबूल करते.

पण दोन दिवसांनी, तांदूळ निवडताना, माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. शंकेची म्हणा की इंग्रजीची म्हणा, त्या वेळी दोन्ही एकच होत्या. मुलगा माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, असं फुफाजी म्हणाले होते. एवढ्या वयात प्रिन्सिपल? आमच्या मोठ्या बाईंचे केस पांढरे झाले तेव्हा कुठे त्यांना ती खुर्ची मिळाली होती. फुफाजी तेव्हा आमच्याकडेच मुक्कामाला होते. मी त्यांना पाणी द्यायला गेले आणि हळूच विचारलं, "फुफाजी, त्या प्रिन्सिपलच्या शेवटी पाल आहे का हो?"

त्यांनी दचकून वर आढ्याकडे पाहिलं. "कुठे आहे?" मग बोटाने जमिनीवर टकटक करून "कृष्ण, कृष्ण" म्हणाले. "अशा शुभ गोष्टीत पालीचं नाव नको काढू, बेटा."

मग मी बाबांकडे गेले. त्यांना दोन्ही शब्द समजावून सांगायला लागले, तर ते म्हणाले, "मॅट्रिक झालीस म्हणजे इंग्रजांना शिकवू नकोस. प्रिन्सिपल म्हणजे प्रिन्सिपल. उगाच अपशकुन कशाला?" झालं. दोन्ही ठिकाणी माझ्या पालीला हाकलून लावलं. माझं लग्न आणि मलाच बोलायची सोय नाही, याचा मला भयंकर संताप आला. त्या संतापात मी उरलेले तांदूळ खड्यांसकट डब्यात भरले.

पाहुणे येणार त्या दिवशी बाबांनी दोन हातांच्या खुर्च्या कुठून तरी उसन्या आणल्या. एक प्रिन्सिपलसाठी, दुसरी स्वतःसाठी, कारण प्रिन्सिपलचा सासरा स्टुलावर बसलेला शोभला नसता. मावाजिलेबी आली. पोहे मात्र मुलीच्याच हातचे पाहिजेत, असा आईचा हट्ट. मी खिडकीच्या फटीला डोळा लावून उभी राहिले.

टांगा आला. त्यातून काळा कोट घातलेले, भरघोस मिशांचे, चांगले पन्नाशीचे एक गृहस्थ उतरले. बाबा हात जोडून पुढे धावले आणि आत वळून आईला दबक्या आवाजात म्हणाले, "वय थोडं जास्त दिसून राहिलं. पण प्रिन्सिपल म्हटल्यावर तेवढं चालायचंच." चालायचंच? कुणाला चालायचंच?

टांग्याच्या मागून धुळीने भरलेला, खादीचा सदरा घातलेला एक तरुण पायी येत होता. तेव्हा गावात वर्गणी मागणारे असे खादीवाले पुष्कळ फिरत. बाबांनी त्याला दारातच हात दाखवला. "परवाच दिली हो वर्गणी."

"अहो, हाच आमचा भाचा," मिशांचे गृहस्थ म्हणाले.

मी भिंतीला टेकून श्वास सोडला. मुलगा स्टेशनापासून पायी आला होता. टांग्याचा घोडा लंगडत होता, म्हणून तो टांग्यात बसला नाही. मामांनी सामान सांभाळायच्या निमित्ताने टांग्यात बसून घेतलं होतं. "काय सांगू, असाच आहे तो. एकदम प्रिन्सिपलवाला," मामा म्हणाले, आणि फुफाजींनी "सांगितलं नव्हतं?" अशा नजरेने सगळ्यांकडे पाहिलं.

बाबांनी मुलाला खुर्चीवर बसवलं, पाय पुसायला पंचा दिला आणि स्वतःही ऐटीत बसले. "आपल्या हाताखाली किती मास्तर आहेत?"

"माझ्या हाताखाली?" मुलगा गोंधळला. "कुणी नाही. एक घंटा वाजवणारा शिपाई आहे, पण तोही माझं ऐकत नाही."

"म्हणजे शाळा लहान आहे?"

"शाळा मोठी आहे. मी लहान आहे. सहायक शिक्षक."

मी नेमकी तेव्हाच पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले. बाबांचा चेहरा मी पाहिला आणि माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. कुणी भर दुकानात लुगड्याचा रंग जातो म्हणावं, तसा तो चेहरा झाला होता. मला त्यांची फार दया आली. कुणालाच काही सुचेना, म्हणून सगळे पोहे खायला लागले.

"वा, वा!" फुफाजी म्हणाले. मामा म्हणाले, "फारच छान." बाबांनी मुलाला जीव नसलेल्या आवाजात विचारलं, "कसे झालेत?"

"मीठ जास्त आहे," मुलगा म्हणाला.

आईच्या हातातला तांब्या वाजला. मामांनी कपाळाला हात लावला. "अहो, त्याचा प्रिन्सिपल आहे, खोटं बोलायचं नाही."

बाबा उठून आत गेले, पाठोपाठ फुफाजी, त्यांच्यामागे आई. आमच्या माजघराची भिंत अशी की आत कुणी सुस्कारा टाकला तरी बाहेर ऐकू यावा. तिथे तर बाबा चांगले तापले होते. "प्रिन्सिपल म्हणून सांगितलं तुम्ही मला!"

"दादा, मी वाला म्हटलं होतं! प्रिन्सिपलवाला! मतलब उसूलवाला."

"मग उसूल म्हणायचं ना! इंग्रजी कशाला फाडायचं? मी अख्ख्या शनवाऱ्यात सांगून बसलो. आता मी दुकान कोणत्या तोंडाने उघडू?"

बाहेर मी मान खाली घालून उभी. मामा जिलेबीकडे बघत बसलेले. मुलाला सगळा प्रकार कळला असावा. त्याने बशी खाली ठेवली आणि मास्तराच्या आवाजात विचारलं, "तुम्ही मॅट्रिक आहात ना? मग प्रिन्सिपलचं स्पेलिंग सांगा."

मला वाटतं, आयुष्यात मी इतकी धीट पुन्हा कधी झाले नाही. मी म्हटलं, "कोणत्या? पालवाल्या की बिनपालीच्या?"

त्याने मनातल्या मनात अक्षरं जुळवून पाहिली असावीत, कारण तो एकदम जोरात हसला. इतका की आतलं भांडण थांबलं आणि तिघेही दारात येऊन उभे राहिले. "पाल!" तो म्हणाला. "हे मी उद्या वर्गात सांगणार. मी बिनपालीचा आहे हो. पालवाला व्हायला अजून फार वर्षं आहेत."

बाबांनी विचारलं, कसली पाल? मग मी पाहुण्यांसमोर उभी राहून, पदर सावरत, बाबांना दोन्ही शब्द सांगितले. या वेळी त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. ऐकून झाल्यावर ते मुलाजवळ जाऊन बसले आणि अगदी समजुतीने बोलू लागले.

"असं करू. लोक तुम्हाला प्रिन्सिपल म्हणतील, म्हणू द्या. आज ना उद्या व्हालच. तुम्ही फक्त गप्प राहा."

"कुणी विचारलं तर सांगावं लागेल."

"विचारणार नाही कुणी. नुसते म्हणतील."

"मग मी काय करू?"

"नुसतं हसा!"

मुलाने विचार केला. "पण हसणं म्हणजे हो म्हटल्यासारखंच झालं ना?"

"काय माणूस आहे हा!" म्हणत बाबा पुन्हा आत गेले. या वेळी आईने मलाही आत ओढलं. बाबा म्हणत होते, पोरगा वाईट नाही, पण हा मला भर चौकात उघडा पाडेल. हुंडा नको म्हणतो, तेही लोकांना खटकेल, मुलीतच काही खोट आहे म्हणतील. नकोच ते, संध्याकाळच्या गाडीने जाऊ दे त्यांना. आई लुगड्याचा काठ बोटांना गुंडाळत होती. फुफाजी आढ्याकडे पाहत होते, बहुधा खरी पाल शोधत.

"मला हाच हवा," मी म्हटलं.

आमच्या घरात मुलीने असं म्हणायची पद्धत नव्हती. पण पोह्यात मीठ जास्त पडलंय हे मला चुलीपाशीच कळलं होतं. 'वा, वा' म्हणणाऱ्या सगळ्यांच्या बशांत निम्मे पोहे तसेच होते. आणि खारट म्हणणाऱ्याने एक दाणाही टाकला नव्हता. या माणसाशी बोलताना मनातलं ओळखत बसावं लागणार नाही, असं मला वाटलं, आणि इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं. आईने ते पाहिलं. "अहो," ती बाबांना म्हणाली, "पोरीला मीठ जास्त म्हटलेलं आवडलं. आता तुम्ही काय करणार?"

बाबांनी टोपी घातली आणि पाहुण्यांना पोचवायला निघाले. म्हणजे नकार द्यायलाच चाललेत, असं मी धरून चालले. घोडा तोच होता आणि अजून लंगडतच होता, त्यामुळे मामा आणि सामान टांग्यात, मुलगा पायी. पाहुणा पायी चाललेला असताना बाबांना टांग्यात बसता येईना. ते दुकान ते घर एवढंच चालणारे, पोट सुटलेले बाबा शनवाऱ्यातून पार स्टेशनापर्यंत पायी निघाले. मी खिडकीतून ती वरात पाहिली आणि मग चुलीपाशी जाऊन बसले. आईने काही विचारलं नाही. मला जेवण गेलं नाही.

दिवेलागणीला बाबा परत आले ते धुळीने पांढरे होऊन. ओसरीवर बसले, पाणी मागितलं, पुन्हा मागितलं.

"काय झालं?" आईने विचारलं.

"काय व्हायचं! शनवाऱ्याच्या दरवाज्यापासून लोकांनी सुरुवात केली. 'हेच का प्रिन्सिपल साहेब?' हा प्रत्येकापाशी थांबतो, हात जोडतो आणि सांगतो, 'नाही, मी सहायक शिक्षक.' भांडीवाला, पानवाला, तो अत्तरवाला, कुणाला सोडलं नाही. एक बाई तर आपल्या नापास पोराला घेऊन आली. तिला हा म्हणतो, वरच्या वर्गात बसवता येत नाही, पण सुट्टीत माझ्याकडे पाठवा, गणित शिकवतो."

"अगं बाई! मग?"

"मग काय?" बाबांनी टोपी काढून गुडघ्यावर झटकली. "आता कुणाला काही सांगायचं राहिलंच नाही. स्टेशन येईपर्यंत मला एकदम हलकं वाटायला लागलं. पक्कं करून आलो."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी उठून जेवायला बसले आणि दोन भाकरी खाल्ल्या.

लग्नानंतर बाबा दुकानात सांगू लागले, "जावई प्रिन्सिपल नाहीत, प्रिन्सिपलवाले आहेत," आणि त्यात नवीनच ऐट होती. आमचा संसार कसा झाला ते काय सांगू! खरं बोलणाऱ्या माणसाबरोबर राहून पाहा म्हणजे कळेल. नवं लुगडं नेसून समोर उभं राहावं, तर हे म्हणणार, "याच्यापेक्षा ते जुनं बरं." जुन्या राज्यांतले मास्तर ज्येष्ठतेच्या एकाच रांगेत आणायचं ठरलं, तेव्हा कुणाचं नाव कुठे लागतं याची धावपळ सगळीकडे चालली होती. काहींनी भोपाळच्या फेऱ्या मारल्या, काहींनी आपली नोकरी आठवेल तितकी जुनी करून सांगितली. यांनी आपली जेवढी होती तेवढीच सांगितली. त्यामुळे यांच्या मागचे पुष्कळजण पुढे गेले आणि हे आपले वर्गात गणित शिकवत राहिले, पाल शिकवत राहिले. मी भांडले. मनापासून भांडले. पण दुसऱ्या कुणाशी लग्न करायला हवं होतं, असं एकदाही वाटलं नाही.

यांचे केस पांढरे झाल्यावर, नोकरीची शेवटची काही वर्षं उरली असताना, हुकूम आला. आम्ही तेव्हा खंडव्याला होतो. बाबांना निरोप मिळाला तसे ते काठी टेकत, एका ओळखीच्या माणसाचा हात धरून रेल्वेने आले. बरोबर बऱ्हाणपूरचा दराबा आणला होता, रवा आणि साखर तुपात फेटून फेटून हलका केलेला. आल्या आल्या त्यांनी हुकूम मागितला. तो हिंदीत होता. चष्मा पुसून ते बराच वेळ त्यात बघत राहिले.

"प्राचार्य लिहिलंय," ते म्हणाले. "यात पाल कुठे आहे?"

"हिंदीत नाही, बाबा. इंग्रजीत आहे."

"म्हणजे आता पाल आली?"

"आली."

मला वाटलं, आता ते पेढे वाटायला सांगतील, शनवाऱ्यात कुणाकुणाला कळवायचं ते सांगतील. पण त्यांनी कागदाची घडी घातली आणि मला जवळ बोलावून अगदी हळू आवाजात विचारलं, "आणि ते बिनपालीचं? ते आहे ना अजून?"

तेवढ्यात हे बाहेरून आले, बाबांच्या पाया पडले. बाबांनी स्वतःच्या हाताने दराब्याची वाटी यांच्यापुढे धरली आणि यांच्या तोंडाकडे टक लावून बसले. यांनी खाल्लं, आणखी थोडं खाल्लं, वाटी बोटाने पुसून स्वच्छ केली.

"कसा आहे?" बाबांनी विचारलं.

"साखर जास्त झालीय," हे म्हणाले.

बाबांनी काठी भिंतीला टेकवली, पाय वर घेतले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आहे. आता चहा टाक."